विल्डबीस्ट: नदी सोडून त्या जनावराबद्दल कोणी बोलेल का?

रानवाट (शनिवार, रात्री ११.४०)

मंडळी, परवाच केनियातल्या मसाई माराहून परत आले. सहा जणांचा ग्रुप, ऑगस्टचा दुसरा आठवडा, म्हणजे जो तो 'क्रॉसिंग', विल्डबीस्टचे कळप मारा नदी ओलांडताना, बघायला जातो तोच सीझन. आम्हीही त्याचसाठी गेलेलो, खोटं कशाला बोलू. सकाळी साडेआठपासून दुपारी तीनपर्यंत मारा नदीच्या काठावर जीप लावून बसलो, भडंग संपलं, चकल्या संपल्या, एकाच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली, आणि पलीकडे जमलेले ते हजारभर विल्डबीस्ट पाण्यापर्यंत यायचे, वास घ्यायचे, कुणीतरी एक दचकला की सगळी वरात माघारी. क्रॉसिंग काही झालं नाही. ग्रुपमधले दोघं अजून तोंड पाडून बसलेत.

मला सांगायचंय ते वेगळंच. जीपच्या मागे पंधरावीस फुटांवर एक नर एकटाच उभा होता. बाकी सगळे नदीकडे डोळे लावून, मी कंटाळून मागे वळले आणि मग अर्धा तास त्याच्याकडेच बघत बसले. लांबून काळे दिसतात ना, तसा तो काळा नव्हताच, तिरप्या उन्हात राखाडीवर निळसर झाक होती. मानेपासून बरगड्यांपर्यंत उभे गडद पट्टे, आधी मला सुरकुत्या वाटल्या, मग दुर्बिणीतून दिसलं की तेवढ्या ओळीतले केसच गडद आहेत. तोंड लांबच लांब, काळंभोर, आणि खाली नाकपुड्यांपाशी येऊन एकदम रुंद, फावड्यासारखं. गळ्याखाली मळक्या पांढऱ्या रंगाची दाढी. शिंगं आधी आडवी बाजूला जातात, जरा खाली झुकतात आणि मग टोकं वर आत वळतात, समोरून बघितलं की कंस काढल्यासारखी. शेपूट घोड्याची. खांदे हे उंच आणि पाठ मागे उतरत गेलेली, जणू पुढचा भाग बैलाचा करून झाल्यावर मागच्यासाठी सामान कमी पडलं.

मग त्यानं देवाला नमस्कार करावा तसे पुढचे दोन्ही गुडघे टेकले आणि शिंगांनी माती उकरायला लागला. उठला तेव्हा डाव्या शिंगावर गवताचं मुळासकट ढेकूळ अडकलेलं, ते घेऊनच पाच मिनिटं ऐटीत उभा.

आल्यापासून नेटवर वाचतेय तर जिथे तिथे क्रॉसिंग, मगरी, क्रॉसिंग. हे जनावर असं का दिसतं, राहतं कुठे, खातं काय, याबद्दल दोन ओळी. इथे जाणकार आहेत म्हणून विचारते, गाय आहे की घोडा की नक्की काय?

खडूसकाका (शनिवार, रात्री ११.५८)

ब्रह्मदेवानं शनिवारी दुपारी उरलेल्या सामानातून बनवला. जेवण झालेलं, डोळ्यांवर झापड.

रानवाट (रविवार, सकाळी ७.१०)

काका, मीही गाईडला असंच काहीतरी म्हणाले तर तो हसला नाही. म्हणाला, मॅडम, याच्या अंगावर एकही गोष्ट जास्तीची नाही. तिथून तर हा धागा.

कीबोर्डबहाद्दर (रविवार, सकाळी ९.३२)

आमच्या आयटीवाल्यांचं कुलदैवत आहे ते, जपून बोला. विल्डबीस्टचंच दुसरं इंग्रजी नाव gnu. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमननं मुक्त सॉफ्टवेअरचा जीएनयू (GNU) प्रोजेक्ट जाहीर केला, त्याच्या लोगोवर हाच प्राणी आहे, दाढी-शिंगांसकट. गंमत म्हणजे इंग्रजीत प्राण्याला 'नू' म्हणायचं आणि प्रोजेक्टला 'ग्नू'. मी दहा वर्षं दोन्ही चुकीचं म्हणत होतो.

नैरोबीकर (रविवार, दुपारी १.०५)

एकोणीस वर्षं इथे आहे, पाहुणे आले की मारा ठरलेलं, त्यामुळे या जनावराशी जुनी ओळख. ग्नू हा शब्द मूळचा दक्षिण आफ्रिकेतल्या खोईखोई लोकांचा, त्याच्या आवाजावरूनच पडलेला. मोठ्या कळपात उभे राहिलात तर सगळीकडून 'ग्न्ऊं ग्न्ऊं' येत असतं, बेडकांच्या डबक्याजवळ उभं राहिल्यासारखं. विल्डबीस्ट हे डच वसाहतवाल्यांनी दिलेलं, म्हणजे सरळ 'जंगली जनावर', फार डोकं लावलं नाही. स्वाहिलीत 'न्यूंबू', आणि तोच शब्द खेचरालाही आहे. म्हणजे रानवाट, गाय की घोडा हा प्रश्न तुमच्या आधी इथल्यांनाही पडलेला :)

आता अंगाबद्दल. तुम्ही बघितलात तो निळा विल्डबीस्ट. पूर्ण वाढलेला नर सव्वादोनशे-अडीचशे किलो, दक्षिणेकडे याहून मोठेही असतात, २९० किलोपर्यंत, मादी १८०च्या आसपास. खांद्याशी उंची सव्वा ते दीड मीटर. शिंगं दोघांनाही, नराची जाड आणि बुडाशी जवळजवळ एकमेकांना भिडलेली, मादीची बारीक, त्यामुळे लांबून नर-मादी ओळखायला नवख्याला त्रास होतो. नराची शिंगं ८० सेंटिमीटरपर्यंत जातात. मारा आणि त्याला लागून टांझानियातलं सेरेंगेटी, इथला जो पोटप्रकार आहे तो पांढऱ्या दाढीचा आणि सगळ्यांत लहान चणीचा. दक्षिणेला, बोट्सवाना वगैरे बाजूला, दाढी काळी. दक्षिण टांझानिया-मोझांबिककडच्यांच्या नाकावर डोळ्यांखाली पांढरा आडवा पट्टा असतो, कुणीतरी चुन्याचं बोट ओढल्यासारखा. झांबियात लुआंग्वा नदीच्या खोऱ्यात आणखी एक वेगळा.

तो एकटा उभा नर उनाड नव्हता हो, ती त्याची जागा होती. थोडीशीच जमीन, कधी कधी आपल्या सोसायटीच्या पार्किंगएवढीसुद्धा नसते, पण तिच्यावर तो उभा राहणार, मधोमध शेणाचा ढीग करणार, त्यात लोळणार, गुडघे टेकून माती उकरणार, आणि शेजारचा नर आला की दोघंही गुडघ्यांवर बसून डोक्याला डोकं लावणार. खरा हंगाम मे-जूनमध्ये. तुमचा तो ऑगस्टमध्येही जागा धरून होता म्हणजे हौशी दिसतोय.

बुलढाणा_एक्सप्रेस (रविवार, दुपारी २.४४)

आमच्याकडे रोही असतात तसेच ना हे? निळसर राखाडी, उतरती पाठ, शेतात शिरले की हरभऱ्याची वाट. रोह्यालाच नीलगाय म्हणतात. फोटो बघून घरच्यांना म्हणालो हा तर आफ्रिकेतला रोही.

जीवशास्त्राच्या_बाई (रविवार, सायंकाळी ६.२०)

दिसण्यावर जाऊ नका, इथे सगळे फसतात. शाळेत शिकवताना मी मुद्दाम दोन्हीचे फोटो शेजारी लावते.

आधी हे की हरीण म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. सांबर, चितळ यांची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवीन येतात, ती सारंग. काळवीट, चिंकारा, रोही यांची शिंगं पोकळ खोळीसारखी, आतल्या हाडावर बसलेली, जन्मभर तीच, ती कुरंग. विल्डबीस्ट या दुसऱ्या घरातला. पण या घरात गाय आहे, म्हैस आहे, शेळी आहे, मेंढीही आहे. आणि नात्याचा हिशेब लावला तर रोही गाईच्या जवळचा, आणि हा बैलासारखा दिसणारा विल्डबीस्ट शेळी-मेंढीच्या जवळचा निघतो! त्याचे सख्खे म्हणजे हार्टेबीस्ट आणि टोपी. टोपी हे खरंच एका कुरंगाचं नाव आहे, वर्गात हे सांगितलं की पाच मिनिटं वाया जातात. तिघांचीही ठेवण एकच, लांब तोंड, उंच खांदे, उतरती पाठ.

रोही पालाही खातो, झाडाझुडपांतही रमतो, तुमचा हरभराही खातो. विल्डबीस्ट गवतावरचा. झाडाचा पाला नाइलाज झाला तरच.

खडूसकाका (रविवार, सायंकाळी ६.३१)

म्हणजे दाढी शेळीकडून आली तर.

पशुधन७२ (रविवार, रात्री ९.१५)

निवृत्त पशुवैद्यक आहे, आफ्रिका बघितलेली नाही, पण तोंडाबद्दल बोलू शकतो, आयुष्यभर जनावरांच्या तोंडात हात घालूनच झालंय.

गाय, शेळी, विल्डबीस्ट, सगळे रवंथ करणारे. यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे एक कडक गादी असते, खालचे दात गवत त्या गादीवर दाबतात आणि डोक्याला झटका देऊन तोडतात. आता शेळीचं तोंड बघा, निमुळतं, ओठ चपळ, काट्यांतून नेमकं पान उचलते, निवडून खाते. याच्या उलट ज्याला आखूड गवत खायचंय त्याला निवडत बसून परवडत नाही, बोटभर उंचीच्या गवताचं एकेक पान उचलून एवढं मोठं पोट भरेल कधी? त्याला एका घासात जितकी रुंद पट्टी मिळेल तितकी हवी. म्हणून खालच्या दातांची ओळ रुंद आणि जवळजवळ सरळ, ओठ सैल, नाकाड पसरट. रानवाट ताईंनी 'फावड्यासारखं' लिहिलंय ते अगदी बरोबर, फक्त मी म्हणेन हिरवळ कापायचं मशीन. तोंड लांब का, तर मान खाली घालून चरताना डोळे जमिनीपासून वर राहायला हवेत, नाहीतर सिंह आलेला कळायचा कसा.

बाकी बुळकांडीचा आणि या जनावराचा मोठा संबंध आहे, उद्या सवडीनं लिहितो, आता डोळे चुरचुरतायत.

तेजू_पुणे (रविवार, रात्री ९.४०)

लिहाच काका. बुळकांडी म्हणजे? मी शिवी समजत होते, आजी म्हणायची बुळकांडी लागो.

नैरोबीकर (रविवार, रात्री १०.२२)

पशुधन यांच्या मुद्द्याला धरून, मारात हे डोळ्यांनी दिसतं. उंच गवताच्या पट्ट्यात आधी झेब्रे शिरतात, त्यांना वरचे-खालचे दोन्ही पुढचे दात असतात आणि पोटही वेगळं, कडक दांडे त्यांना चालतात. वरचा भाग त्यांनी खाल्ला की खालचं पानाचं गवत उघडं पडतं, ते विल्डबीस्टच्या तोंडाचं. तो चरून पुढे गेला की चार बोटं फुटवा येतो, त्यावर थॉमसनची गॅझेल, चिंकाऱ्याएवढी. एकाच पंगतीला तीन वेगळी जेवणं. झेब्रे आणि विल्डबीस्ट सोबत का दिसतात याचं हे एक कारण.

आणि गवत कुठलं म्हणाल तर दक्षिणेकडच्या आखूड गवताच्या मैदानात आपली हरळीही आहे. होय, गणपतीला वाहतो त्या दूर्वा, तीच वनस्पती.

रानवाट (सोमवार, सकाळी ८.०५)

दूर्वा!! हे गाईडनं सांगितलं असतं तर आमच्या ग्रुपमधल्या काकू क्रॉसिंग विसरून गवतच तोडत बसल्या असत्या.

मोसंबीवाला (सोमवार, दुपारी १२.५०)

एक शंका. एवढी मैदानंच्या मैदानं आहेत, पाऊस पडतो, तर झाडं का नाहीत? आमच्या जालन्यात सोडून दिलेल्या जमिनीवर चार वर्षांत बाभूळ उगवते.

नैरोबीकर (सोमवार, दुपारी ३.३०)

प्रश्न नेमका आहे, आणि उत्तर तुम्हालाच जास्त कळेल. सेरेंगेटीचा दक्षिण-पूर्व भाग आणि त्याला लागून न्गोरोंगोरोचं मैदान, तिथली माती ज्वालामुखीच्या राखेची. केरिमासी आणि ओल डोइन्यो लेंगाई हे ते डोंगर, दुसरा अजून जिवंत आहे. राखेतले क्षार पावसाच्या पाण्यानं खाली उतरले आणि थोड्याच खोलीवर त्यांचा दगडासारखा थर बसला. गवताच्या मुळांना वरची माती पुरते, झाडाची मुळं त्या थराला अडतात.

मोसंबीवाला (सोमवार, दुपारी ३.४८)

समजलं समजलं! आमच्याकडे खाली चुनखडी लागली की मोसंबीचं हेच होतं, पहिली तीन-चार वर्षं बाग हिरवीगार, मग पानं पिवळी पडायला लागतात, शेंडे वाळतात, खत घाला, औषध मारा, काही उपयोग नाही, कारण मुळी खाली जातच नाही. माझी दीड एकर अशीच गेली. फक्त तिथे त्या थरावर विल्डबीस्ट पोसले गेले आणि इथे बँकेचं व्याज.

नैरोबीकर (सोमवार, सायंकाळी ५.१५)

:( तुमच्या बागेचं वाचून वाईट वाटलं.

पण तो थर आणि ती राख हेच या सगळ्या फिरण्याचं मूळ आहे. राखेमुळे गवतात कॅल्शियम-फॉस्फरस भरपूर, दूध पाजणाऱ्या माद्यांना तेच हवं. झाडंझुडपं नसल्यामुळे सिंहाला लपायला जागा नाही. म्हणून डिसेंबर-जानेवारीत पाऊस झाला की सगळे तिकडे जातात आणि फेब्रुवारीच्या आसपास तिथेच वितात. एवढं छान आहे तर वर्षभर का राहत नाहीत? कारण तिथे वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस, मे संपला की गवत वाळतं आणि पाणीही आटतं, आणि विल्डबीस्टला वाळक्या गवतावर असताना जवळजवळ रोज पाणी लागतं. वायव्येला, माराकडे, पाऊस त्याच्या दुप्पट आणि नदी बारमाही, पण गवत उंच, राठ आणि खनिजांत कमी. थोडक्यात पौष्टिक आहे तिथे पाणी नाही, पाणी आहे तिथे सकस नाही. म्हणून हे वर्षभर चालतात. बहुतेक लोक मध्ये एक दिवस नदीवर जीप लावतात आणि म्हणतात मायग्रेशन बघितलं.

उतरत्या पाठीचंही यातच आहे. पुढचा भाग जड, छाती खोल, पाय काटकुळे आणि लांब, झुलत झुलत चालण्याची एक ठरावीक चाल असते त्यांची, ती धरली की तासन्‌तास. बोट्सवानात काही वर्षांपूर्वी संशोधकांनी त्यांच्या स्नायूंचे तंतू तपासले, त्यात निघालं की वापरलेल्या ऊर्जेतली साठ टक्क्यांहून जास्त ते प्रत्यक्ष कामात आणतात, म्हणजे उष्णता कमी आणि तहानही कमी. तिथल्या काही जनावरांनी पाच दिवसांत ८० किलोमीटर चाल पाण्याचा थेंब न पिता केली. गाडीच्या भाषेत सांगायचं तर ॲव्हरेज जबरदस्त.

ट्रेकवेडा (सोमवार, रात्री ८.०२)

सगळे विल्डबीस्ट मायग्रेट करतात आणि निम्मे मगरी खातात, एका चॅनलवर बघितलंय. मूर्ख प्राणी आहे, पूल बांधून द्यायला पाहिजे.

नैरोबीकर (सोमवार, रात्री ८.४०)

निम्मे? अहो तेरा लाखांच्या आसपास जनावरं आहेत. मारा नदीत बुडून, चेंगरून मरणारे वर्षाला सरासरी सव्वासहा हजार, २००१ ते २०१५ची आकडेवारी आहे ही, मगरीनं मारलेले त्या मानानं थोडेच.  ते मांस मासे खातात, गिधाडं खातात, आणि हाडांमधला फॉस्फरस पुढे सातेक वर्षं पाण्यात झिरपत राहतो. नदीचं तेही जेवणच.

आणि सगळे जात नाहीत. न्गोरोंगोरोच्या ज्वालामुखी विवरातले बरेचसे वर्षभर तिथेच, कारण पाणी आणि आखूड गवत दोन्ही एकाच ताटात.

ट्रेकवेडा (सोमवार, रात्री ८.४५)

ओके सर. चॅनल बदलतो.

पशुधन७२ (मंगळवार, सकाळी ११.२०)

परवा राहिलेलं लिहितो, जरा लांबेल.

तेजू, बुळकांडी म्हणजे रिंडरपेस्ट. गुरांना ताप, तोंडात चट्टे, डोळ्यांतून-नाकातून स्राव, मग जुलाब, आठवड्या-दोन आठवड्यांत गोठा रिकामा. आजीची शिवी उगाच नव्हती, गावंच्या गावं बसायची. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत हा रोग नव्हता. १८८७च्या सुमारास इटालियन सैन्यासाठी इरिट्रियात गुरं उतरवली गेली त्यांच्याबरोबर तो गेला. ती गुरं भारतातून नेलेली होती असं अनेक ठिकाणी लिहिलेलं आहे. पुढच्या दहा वर्षांत तो थेट दक्षिण टोकापर्यंत पोचला, गुरं राखणाऱ्या मसाई लोकांची बहुतेक गुरं मेली, माणसं उपाशी मेली, आणि विल्डबीस्ट, रानम्हशी यांचाही फडशा पडला. दुभंगलेल्या खुरांची जनावरं, सगळी एका माळेतली.

नंतरची सत्तर वर्षं विल्डबीस्टची वाढलेली वासरं दरवर्षी याच रोगानं मरायची, आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण संपलं की. १९६१च्या मोजणीत सेरेंगेटीत अडीच लाखांच्या आसपास होते. मग पार्कच्या भोवतालच्या गुरांना लसी टोचल्या. लक्षात घ्या, रानातल्या एकाही जनावराला सुई लावली नाही, फक्त गुरांना. १९६३नंतर विल्डबीस्टमधून रोग नाहीसा झाला आणि १९७७पर्यंत ते तेरा लाखांवर गेले. रोग रानातून गुरांत येतो असं बरेच जण समजायचे, प्रत्यक्षात गुरांकडून रानात जात होता.

आता माझा संबंध. नोकरीची पहिली वर्षं मी सायकलला थर्मास बांधून गावोगाव बुळकांडीची लस टोचत फिरलोय, बर्फ वितळायच्या आत लस संपवायची, उरली तर फेकायची, पोळ्याच्या आधी सगळं गाव आटपायचं. ती टिश्यू कल्चर लस (प्रयोगशाळेत पेशींवर वाढवलेल्या विषाणूची) ज्या विषाणूपासून तयार केली त्याचं नाव 'काबेटे ओ'. आम्ही रजिस्टरमध्ये लस, बॅच नंबर, तारीख एवढंच लिहायचो, काबेटे काय आहे कधी विचारलं नाही. निवृत्तीनंतर वाचनात आलं की काबेटे नैरोबीजवळ आहे, आणि वॉल्टर प्लॉराइट नावाच्या शास्त्रज्ञानं १९६०च्या आगेमागे जवळच्याच मुगुगाच्या प्रयोगशाळेत ती लस विकसित केली. म्हणजे आमच्या खिल्लारांना मी जी सुई टोचली ती त्यांच्या गावची. भारत २००६ साली बुळकांडीमुक्त झाला आणि २०११ साली सगळं जग.

रानवाट (मंगळवार, सकाळी ११.५२)

काका, अंगावर काटा आला. मी बघितलेला तो नर त्या लसीमुळे आहे म्हणायचा.

नैरोबीकर (मंगळवार, दुपारी १.३०)

काबेटे नैरोबीच्या कडेलाच आहे, त्या रस्त्यानं शेकडो वेळा गेलोय. पशुधनकाका, आता गेलो की तुमची सायकल आठवणार.

त्यावरून दोन गोष्टी. विल्डबीस्ट वाढले तसं गवत चरून संपायला लागलं, वाळलेलं गवत कमी उरलं म्हणून वणवे कमी झाले, आणि वणवे कमी झाल्यावर उत्तरेकडे जिथे तो दगडी थर नाही तिथे झाडं वाढली. म्हणजे गुरांना टोचलेल्या सुईमुळे झाडं.

दुसरी, मसाई लोकांची अडचण. विल्डबीस्टच्या लहान वासरांच्या नाका-डोळ्यांच्या स्रावात एक वेगळा विषाणू असतो, त्यांना स्वतःला काही होत नाही, पण गाईला लागला तर सहसा वाचत नाही, ताप, डोळे पांढरे, खेळ खलास. म्हणून वीण सुरू झाली की मसाई आपली गुरं घेऊन सर्वांत चांगलं गवत सोडून उंचावर निघून जातात, दरवर्षी. आपण टीव्हीवर 'सुंदर पिल्लं' म्हणतो तेव्हा त्यांच्या गाई राठ गवत चघळत असतात.

पशुधन७२ (मंगळवार, दुपारी १.५५)

बरोबर. आणि त्या विषाणूला विल्डबीस्टमधून पहिल्यांदा वेगळं काढणारा माणूसही तोच, प्लॉराइट.

जोबर्गकर (मंगळवार, रात्री ११.०५)

उशिरा आलो. निळ्याबद्दल झालं, आमच्या काळ्याचं पण मांडतो, त्याला कोणी विचारत नाही. काळा विल्डबीस्ट ही वेगळी जात, फक्त दक्षिणेकडची. अंगानं लहान, रंग खरं तर गडद तपकिरी, शेपूट मात्र पांढरीशुभ्र, आणि शिंगं बाजूला न जाता पुढे येऊन हुकासारखी वर वळतात. नाकावर ब्रशसारखे ताठ केस. समोरून आला तर वाटतं कुणीतरी याला आत्ताच झोपेतून उठवलंय. उघड्या हायवेल्डवर, म्हणजे इथल्या उंचावरच्या गवताळ पठारावर, राहतो, सावली नावाला नाही, म्हणून भर दुपारी उन्हाच्या रेषेत उभा राहतो, अंगाची लांब बाजू सूर्याकडे करत नाही.

एकोणिसाव्या शतकात कातड्यासाठी मारून मारून काहीशेच उरले होते. त्याच माळावरचा क्वागा, अर्ध्या अंगावर पट्टे असलेला झेब्रा, १८८३ला अॅमस्टरडॅमच्या प्राणीसंग्रहालयात संपला. हा वाचला तो काही शेतकऱ्यांनी आपल्या कुंपणात ठेवला म्हणून. आज हजारोंनी आहेत. पण आता वेगळीच पंचाईत, शिकारीच्या फार्मांवर निळे आणि काळे एकत्र सोडतात, त्यांचा संकर होतो, आणि संकराची पिल्लं पुढे प्रजननक्षम. शुद्ध काळा कोणता हे बघायला डीएनए तपासावं लागतं.

खडूसकाका (मंगळवार, रात्री ११.२०)

कुंपणानं वाचवलं, कुंपणानंच बुडवलं.

नैरोबीकर (बुधवार, सकाळी ७.५०)

काका, आमच्याकडे नुसतंच बुडवलं. माराच्या बाजूला लोइटा मैदानात राहणारा वेगळा कळप होता, सेरेंगेटीवाले नव्हेत, हे पावसाळ्यात लोइटात आणि कोरड्या दिवसांत मारात. १९७७ला एक लाख वीस हजारांच्या घरात, वीस वर्षांत वीस-बावीस हजारांवर आले. वितात ती जमीन गव्हाच्या शेतीखाली गेली, मग तारांची कुंपणं. या प्राण्याचं अंग चालण्यासाठी आहे, तार आली की ते अंगच त्याचा शत्रू. बोट्सवानात गुरांच्या रोगासाठी घातलेल्या कुंपणांपाशी ८०च्या दशकातल्या दुष्काळात हजारो तहानेनं मेले, पाणी पलीकडे.

रानवाट (बुधवार, सकाळी ९.१५)

हे कुठल्याच टूरवाल्यानं सांगितलं नाही. आमच्या कॅम्पच्या वाटेवर तारा होत्या, मी विचारलंही नाही कशाच्या.

एक शेवटची शंका. फोटो मोठा करून बघितला तर त्या नराच्या दोन्ही डोळ्यांखाली ओलसर काळा डाग दिसतोय, रडल्यासारखा. जखम आहे का?

जीवशास्त्राच्या_बाई (बुधवार, सकाळी १०.०२)

ग्रंथी आहे ती. त्यातला स्राव झाडाच्या बुंध्याला, जमिनीला, कधी दुसऱ्याच्या अंगाला घासतात. पुढच्या खुरांच्या बेचक्यातही एक असते, चालताना वास मागे राहतो. तो गुडघे टेकून माती उकरत होता ना, तेव्हा तोंडही घासलं असणार, फोटोंचा क्रम बघा.

रानवाट (बुधवार, सकाळी १०.३०)

बघितला. घासलंय!! तीन फोटोंत स्पष्ट दिसतंय आणि मी ते 'हलले' म्हणून डिलीट करणार होते.

ठरलं, पुढच्या फेब्रुवारीत आईला घेऊन दक्षिण सेरेंगेटीजवळच्या न्डुटूला. क्रॉसिंग नको, वीण बघायचीय. काय काळजी घ्यायची?

नैरोबीकर (बुधवार, सकाळी ११.१०)

सकाळी लवकर निघा, बहुतेक वासरं दुपारच्या आत जन्मतात. दोन-तीन आठवड्यांत चार-पाच लाख, म्हणजे कुठेही थांबलात तरी दिसेल. फिक्या तपकिरी रंगाचं, तोंड तेवढं काळं, आणि पाच-सात मिनिटांत उभं राहतं, दोनदा पडतं, तिसऱ्यांदा आईच्या मागे पळतं. तरसंही तिथेच असतात, आईंना आधी सांगून ठेवा, काही जणींना बघवत नाही. ओढणी घ्या, माश्या फार. आणि काळी माती आहे, पाऊस झाला तर जीप रुतणार, तेव्हा भडंग जास्त आणा.